न्यू जर्सीतलं सबर्बन पब्लिक हायस्कूल: रिव्ह्यू वाचून गोंधळ उडालाय, कसं ठरवायचं?

सांगलीकर_पुणेमार्गे

नमस्कार मंडळी. जुलैत पुण्याहून सेंट्रल जर्सीत येतोय. ऑफिस रूट वनवर आहे, त्यामुळे घर एडिसन, साउथ ब्रन्सविक, प्लेन्सबरो, वेस्ट विंडसर या पट्ट्यात कुठेतरी घ्यायचंय. मुलगी एसएससी बोर्डाच्या सेमी-इंग्लिश शाळेतून आठवी होऊन येतेय, म्हणजे सप्टेंबरात नववीत बसेल.

एका पब्लिक हायस्कूलचे रिव्ह्यू दोन आठवडे वाचतोय. शाळेचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर धागा भलतीकडे जाईल. रेटिंग उत्तम आहे. पालक लिहितात, 'शिक्षक छान, मुलं अभ्यासू, वातावरण सुरक्षित'. त्याच शाळेची मुलं लिहितात, 'सगळे एकमेकांचे मार्क विचारतात, झोप मिळत नाही, बाथरूम बंद असतात'. आणखी एक पालक म्हणतात की काउन्सेलर मुलांना ओळखतसुद्धा नाही. सगळे रिव्ह्यू साधारण एकाच वर्षातले आहेत. यातलं कोणाचं खरं धरायचं? घराचा करार करण्याआधी काय तपासायचं, आणि अ‍ॅडमिशनला नेमकं कुठे अडतं, विशेषतः गणितात? जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

रूट_वन_वारकरी

रिव्ह्यू बाजूला ठेवा, आधी पत्ता बघा. इथे टपालाच्या पत्त्यावर जे गाव लिहिलेलं असतं त्याच गावाची शाळा मिळते असं नाही. 'प्रिन्स्टन ०८५४०' असा पत्ता असलेली घरं साउथ ब्रन्सविकच्या हद्दीतही आहेत आणि वेस्ट विंडसरच्याही. जाहिरातीत प्रिन्स्टन वाचून सही केली तरी मूल प्रिन्स्टन हायस्कूलला जाईलच असं नाही. याच्या उलट क्रॅनबरी. त्या गावाला स्वतःचं हायस्कूल नाही, आठवीनंतर तिथली मुलं प्रिन्स्टन हायस्कूलला जातात. डिस्ट्रिक्ट (म्हणजे गावच्या पब्लिक शाळा चालवणारी संस्था, आपला जिल्हा नव्हे) एक आणि हायस्कूलं दोन हाही घोळ आहे. वेस्ट विंडसर-प्लेन्सबरोचं नॉर्थ हायस्कूल प्लेन्सबरोत, साउथ वेस्ट विंडसरमध्ये. एडिसनमध्ये एक एडिसन हायस्कूल, दुसरं जे. पी. स्टीव्हन्स. घरांच्या वेबसाइटवर दाखवलेल्या शाळेची हमी कोणीच घेत नाही. घर नंबरासकट पूर्ण पत्ता डिस्ट्रिक्टच्या रजिस्ट्रारला ईमेल करा, सप्टेंबरात नववीसाठी कुठलं हायस्कूल लागेल ते विचारा, आणि लेखी उत्तर हातात आल्याशिवाय लीजवर सही करू नका.

त्याच ईमेलमध्ये बसचं विचारून घ्या. राज्याच्या कायद्याने हायस्कूलच्या मुलाला बस द्यायला डिस्ट्रिक्ट बांधील असतो तो घर अडीच मैलांपेक्षा लांब असेल तरच. अंतर सार्वजनिक रस्त्याने किंवा पायवाटेने, जवळच्या मार्गाने मोजतात. २.४ मैलांवरचं घर म्हणजे ना चालायचं, ना बसचं. काही डिस्ट्रिक्ट पैसे घेऊन जागा देतात, काही नाही. दोघं नोकरी करणार आणि गाडी एकच असेल तर रेटिंगच्या एका आकड्यापेक्षा हे रोज जास्त टोचतं.

आता रेटिंग. यूएस न्यूजच्या यादीत ५०% वजन राज्याच्या परीक्षांना आहे, ४०% एपी-आयबी या कॉलेजच्या पातळीच्या कोर्सना आणि १०% किती मुलं हायस्कूल पूर्ण करतात त्याला. पालकांचं किंवा मुलांचं मत तिथे शून्य. जिथे आईवडील दोघं इंजिनिअर आणि मूल चौथीपासून कोचिंगला, तिथे हा आकडा वर जाणारच. त्यात शाळेचं श्रेय किती आणि कोचिंगचं किती, हे त्या आकड्यातून वेगळं काढता येत नाही.

एक उलटी गोष्टही असते. मिडलसेक्स काउंटीच्या मॅग्नेट अकॅडमी आहेत, एडिसनला गणित-विज्ञान-इंजिनिअरिंगची, वुडब्रिजला आरोग्य आणि बायोमेडिकलची. आठवीत प्रवेश परीक्षा देऊन निवडक मुलं तिकडे जातात आणि त्यांचे मार्क गावच्या हायस्कूलच्या खात्यात येत नाहीत. तेव्हा शेजारच्या दोन गावांत एका अंकाचा फरक दिसला म्हणून भाडं पाचशे डॉलर जास्त मोजू नका.

रिव्ह्यू वाचताना लिहिणाऱ्याचं मूल कुठल्या वर्गात बसतं ते शोधा. 'एपी', 'ऑनर्स' (वरच्या पातळीचे वर्ग), 'रिसर्च' हे शब्द असतील तर तो इमारतीच्या एका भागाबद्दल बोलतोय. 'आयईपी', '५०४' (खास मदत लागणाऱ्या मुलांच्या योजना), 'साधे वर्ग' असे शब्द असतील तर दुसऱ्या. एका छताखाली दोन शाळा चालतात आणि दोन्ही रिव्ह्यू खरे असतात.

पहिला_तास_झोपेत

काका, मुलांनी लिहिलेलं थोडं उलगडून सांगते. हायस्कूल नुकतंच संपलंय, कॉलेजचं पहिलं वर्ष चालू आहे.

'बाथरूम बंद' हे जवळपास प्रत्येक मोठ्या हायस्कूलच्या रिव्ह्यूत सापडेल. कारण व्हेपिंग (ई-सिगारेट ओढणं). काही बाथरूमना कुलूप लावतात, उरलेल्यांसाठी लॅपटॉपवरून डिजिटल पास काढावा लागतो आणि एका वेळी ठरावीक मुलांनाच सोडतात. गैरसोय खरी आहे, पण त्यावरून शाळा वाईट ठरत नाही.

'टॉक्सिक' म्हणजे बहुतेक वेळा मारामारी किंवा दादागिरी नसते. पोर्टलवर मार्क पडले की पाच मिनिटांत 'तुला किती?' सुरू होतं, ते. जर्सीत बऱ्याच डिस्ट्रिक्टमध्ये जेनेसिस नावाचं पोर्टल आहे आणि त्याचं लॉगिन पालकांकडेही असतं. मुलगी बसमध्ये असतानाच आईला तिचे केमिस्ट्रीचे ७८ कळलेले असतात. शाळेचा दबाव म्हणतात त्यातला बराचसा घरच्या फोनवरून येतो, सॉरी पण खरंय. वेस्ट विंडसर-प्लेन्सबरोमध्ये २०१५ साली सुपरिंटेंडेंटने पालकांना सोळा पानी पत्र लिहून हा ताण मांडला होता. मिडटर्म आणि फायनल परीक्षा काढून टाकल्या, होमवर्क नसलेल्या रात्री ठरवल्या. त्यावरून पालकांमध्येच दोन तट पडले होते. म्हणून गावाचं नाव घेऊन 'तिथे ताण आहे का' विचारण्यापेक्षा नववीत ऑनर्सचे किती विषय घेता येतात आणि किती मुलं घेतात, हे विचारा.

रिव्ह्यूत फारसं येत नाही पण रोज जाणवतं ते वेळापत्रक. बरीच हायस्कूलं साडेसातच्या आसपास सुरू होतात. बस त्याआधी पाऊण तास, म्हणजे सहाला उठायचं. सायन्सच्या लॅबच्या दिवशी डबल तास कुठून काढतात, जिममधून की लंचमधून, हे विचारून घ्या. बँड किंवा ऑर्केस्ट्रा, एक परदेशी भाषा आणि ऑनर्स सायन्स एकत्र घेतलं की काही शाळांत लंचचा तासच उरत नाही. क्लबसाठी शाळा सुटल्यावर थांबलं तर लेट बस आहे का, आठवड्यातून किती दिवस, हेही विचारा. लेट बस नसेल तर क्लबची यादी शंभर नावांची असली तरी काय उपयोग? आईबाबा पाचला निघू शकतात का यावर सगळं अवलंबून.

खेळाचं अगदी लगेच बघावं लागतं. फॉल सीझनच्या संघांचा सराव आणि निवड ऑगस्टमध्येच होते, शाळा उघडायच्या आधी. त्यासाठी ३६५ दिवसांच्या आत केलेली डॉक्टरची तपासणी ठरलेल्या फॉर्मवर लागते. टेनिस, सॉकरमध्ये निवड होते. क्रॉस कंट्रीमध्ये (लांब पल्ल्याच्या धावण्यात) बहुतेक ठिकाणी सगळ्यांना घेतात. नवीन मुलीला शाळेच्या पहिल्या दिवशी डबा खायला ओळखीची चार तोंडं हवी असतील तर क्रॉस कंट्रीसारखं दुसरं काही नाही, भले ती शेवटून पहिली येवो.

सांगलीकर_पुणेमार्गे

वारकरी, पत्त्याचं डोक्यातही आलं नव्हतं. ०८५४० चं एक अपार्टमेंट जवळजवळ नक्की केलं होतं!

गणिताचं कोणी सांगेल का? ऑफिसातले लोक म्हणतात, 'इंडियाचं गणित पुढे असतं, सरळ जॉमेट्री ऑनर्स माग.'

खडूफळा

थांबा. यात दोन्ही बाजूंनी चुका होतात.

इथे एक विषय पूर्ण वर्ष चालतो. क्रम असा: अल्जिब्रा वन, जॉमेट्री, अल्जिब्रा टू, प्रीकॅल्क्युलस, कॅल्क्युलस. तुम्ही म्हणताय त्या गावांत बरीच मुलं अल्जिब्रा वन आठवीतच संपवतात, काही सातवीत. नववीत अल्जिब्रा वन घेतलं तर बारावीला प्रीकॅल्क्युलसपर्यंतच पोचता येतं. इंजिनिअरिंगला जाणाऱ्या मुलाच्या ट्रान्स्क्रिप्टवर (हायस्कूलच्या सगळ्या वर्षांच्या एकत्र गुणपत्रकावर) कॅल्क्युलस असावं असा सगळ्यांचा आग्रह असतो, आणि ऑफिसातला सल्ला तिथूनच येतो.

पण एसएससीचं गणित पुढे नाही आणि मागेही नाही, ते वेगळं कापलेलं आहे. आपल्याकडे बीजगणित आणि भूमिती दरवर्षी शेजारी शेजारी चालतात. बालभारतीच्या आठवीच्या पुस्तकातून मुलीचं काय झालंय? विस्तार सूत्रं, बैजिक राशींचे अवयव, एका चलातील समीकरणं, त्रिकोणांची एकरूपता, चक्रवाढ व्याज. काय झालेलं नाही? दोन चलांतील रेषीय समीकरणं नववीत येतात. वर्गसमीकरणं दहावीत येतात. रेषेचा चढही दहावीत, भाग दोनमध्ये. इथे हे तिन्ही अल्जिब्रा वनमध्येच आहे. वर असमानता, घातांकी फलनं आणि एफ-ऑफ-एक्स अशी फलनाची भाषा. ती एक्स वर्ग अधिक पाच एक्स अधिक सहाचे अवयव झटकन पाडेल, पण 'याचा आलेख काढ आणि शिरोबिंदू सांग' म्हटलं की अडेल. तिच्या बुद्धीत खोट नाही, तो धडा तिच्यापर्यंत आलेलाच नाही.

उलट, जॉमेट्रीतल्या सिद्धता इथल्या मुलांना जड जातात, तुमच्या मुलीला जाणार नाहीत. पक्ष, साध्य, सिद्धता, आणि प्रत्येक ओळीपुढे कंसात कारण, हे ज्याने घोटलंय त्याला इथली दोन रकान्यांची सिद्धता म्हणजे तीच गोष्ट, फक्त उभी रेघ मारून. जॉमेट्रीत बसवली तर ती वर्षभर चमकेल. मग पुढच्या वर्षी अल्जिब्रा टूमध्ये पहिल्या महिन्यात वर्गसमीकरणं गृहीत धरून पुढे जातील आणि तिथे घसरेल. घसरण वर्षभराने दिसते, म्हणून कोणी प्लेसमेंटला (कुठल्या वर्गात बसवलं त्याला) दोष देत नाही. 'मुलगी अभ्यास करत नाही' म्हणतात.

तेव्हा असं करा. एप्रिल ते जून हातात आहेत. सहा गोष्टी करून घ्या: दोन चलांची समीकरणं, चढ आणि रेषेचं समीकरण, असमानता, वर्गसमीकरणं (तिन्ही पद्धतींनी, आलेखासकट), घातांकी वाढ, फलनाची भाषा. रोज तासभर दिला तर आठ आठवडे पुरतात. मग रजिस्ट्रेशनच्या वेळीच, इंग्रजीत लेखी, गणिताची प्लेसमेंट टेस्ट मागा. बहुतेक ठिकाणी आपणहून कोणी देत नाही. मार्कशीटवर नुसतं 'मॅथेमॅटिक्स' लिहिलेलं बघून काउन्सेलर अल्जिब्रा वन टाकून मोकळा होतो. सोबत पुस्तकाच्या अनुक्रमणिकेचं इंग्रजी माध्यमातलं पान जोडा. बालभारतीच्या साइटवर पीडीएफ मिळतं.

टेस्ट नीट गेली नाही तरी आभाळ कोसळत नाही. अल्जिब्रा वन घ्या आणि दहावीत जॉमेट्री व अल्जिब्रा टू एकाच वर्षी घेता येतं का ते विचारा. बऱ्याच शाळा परवानगी देतात, आणि बारावीला कॅल्क्युलस मिळतं. त्या वर्षी एक ऐच्छिक विषय सोडावा लागतो, एवढंच. उन्हाळ्यात सहा आठवड्यांत अख्खी जॉमेट्री उरकायचा मार्ग बरेच जण घेतात. माझ्या मते तो शेवटचा पर्याय.

बाकी विषयांत नववीत येणं हे सगळ्यात सोपं. राज्याचा नियम एकूण किमान १२० क्रेडिटचा आहे. इंग्रजी ४ वर्षं, गणित ३, लॅबसह विज्ञान ३, समाजशास्त्र ३ (त्यातली दोन अमेरिकेचा इतिहास), परदेशी भाषा १, शिवाय आर्थिक साक्षरतेचा अर्धा कोर्स आणि शाळेत असेपर्यंत दरवर्षी पीई, म्हणजे शारीरिक शिक्षण. दहावी करून अकरावीत येणाऱ्यांचे खरे हाल. अमेरिकेच्या इतिहासाचे दोन्ही कोर्स दोन वर्षांत कोंबायचे, त्याच वसंतात हायस्कूल पूर्ण करण्यासाठीची राज्याची एनजेजीपीए परीक्षा आणि वर सॅट. त्यामुळे 'दहावी बोर्ड देऊनच जाऊ' म्हणणाऱ्यांनी हा हिशोब आधी मांडावा.

रूट_वन_वारकरी

खडूफळा, बाकी सगळं मान्य, पण 'आभाळ कोसळत नाही' याला माझा विरोध. एकदा खालच्या ओळीत बसलं की वर्गातली संगतही तीच राहते, शिक्षकही. टेस्ट काठावर गेली तर पालकांनी ओव्हरराइड फॉर्म (शाळेचा निर्णय बाजूला ठेवून वरचा वर्ग मागायचा) भरावा. सोय आहे तर वापरावी की.

खडूफळा

फॉर्म सगळ्या डिस्ट्रिक्टमध्ये नसतो. जिथे असतो तिथे बहुधा एक अट छापलेली असते, की वर घेतल्यावर झेपलं नाही तर खाली जागा मिळेलच असं नाही. भरण्याआधी कोर्स सोडायची शेवटची तारीख वाचा. तारखेनंतर सोडलं की ट्रान्स्क्रिप्टवर 'डब्ल्यू' (कोर्स मधेच सोडल्याची खूण) उमटतो. काठावर असेल तर मी नाही म्हणेन. पण मुलीलाच विचारा की.

कागदी_घोडा

कागदपत्रांचं मी लिहितो, कारण घोडं तिथेच अडतं.

राहण्याचा पुरावा म्हणून सही झालेली लीज आणि वीज किंवा गॅसचं बिल. बिल नवीन असेल तर कनेक्शनचं पत्र चालतं का ते विचारा. जन्मदाखला, पासपोर्ट. व्हिसाचे कागद शाळेला लागत नाहीत. १९८२ च्या प्लायलर खटल्याच्या निकालापासून इमिग्रेशनच्या कारणावरून मुलाला पब्लिक शाळा नाकारता येत नाही. मार्कशीट सहावी ते आठवीच्या, इंग्रजीत, मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्यासह आणि खाली ग्रेडचा तक्ता छापलेला. तक्ता फार महत्त्वाचा. आपल्याकडे ७५ म्हणजे डिस्टिंक्शन, इथे ७५ म्हणजे 'सी'. तक्ता नसेल तर समोरचा माणूस 'सी' समजूनच वाचतो.

लसींचं कार्ड तारखांसह. टीडॅप (धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकला) आणि मेनिंगोकोकल (मेंदूज्वर) हे दोन डोस सहावीपासून लागतात, आणि आपल्याकडे मेनिंगोकोकल सहसा दिलेला नसतो. पुण्यातच घेऊन या. भारतातून आलेल्या मुलांकडे टीबीची तपासणीही मागतात. जन्मतः बीसीजी दिलेली असल्याने हातावरची टोचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, मग छातीचा एक्सरे, डॉक्टरची चिठ्ठी, आणि शाळेचे पहिले दिवस बुडतात. डॉक्टरला थेट रक्ताची चाचणी मागा.

फॉर्ममध्ये घरी कोणती भाषा बोलता असा प्रश्न असतो. मराठी लिहिलं की इंग्रजीची छोटी चाचणी होऊ शकते, म्हणून बरेच जण 'इंग्लिश' लिहून मोकळे होतात. खरं तेच लिहा. सेमी-इंग्लिशच्या मुलीला बोलण्यात थोडी मदत मिळाली तर पहिल्या सहा महिन्यांत ती सोन्यासारखी. आणि मराठी सोडू नका. राज्याचं द्विभाषिकतेचं सील (दोन भाषा येतात याची अधिकृत नोंद) ट्रान्स्क्रिप्टवर येतं. मराठीची कुठली परीक्षा डिस्ट्रिक्ट धरतो ते वर्ल्ड लँग्वेज सुपरवायझरला लेखी विचारा. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळांमध्येही चौकशी करा.

तुमच्या मूळ प्रश्नाबद्दल एक भर. 'सुरक्षित' हा शब्द रिव्ह्यूत न बघता राज्याच्या स्कूल परफॉर्मन्स रिपोर्टमध्ये बघा, प्रत्येक शाळेचा फुकट मिळतो. त्यात एचआयबीचे, म्हणजे छळ-दमदाटीचे आकडे असतात. शून्य दिसलं तर हुरळून जाऊ नका. दीड-दोन हजार मुलांच्या शाळेत शून्य म्हणजे बहुधा कोणी नोंदच घेत नाही. कायद्याने तोंडी तक्रार त्याच दिवशी, लेखी दोन शालेय दिवसांत, आणि चौकशी लेखी तक्रारीपासून दहा शालेय दिवसांत पूर्ण व्हायला हवी. शाळेचा अँटी-बुलिंग स्पेशालिस्ट कोण, ते वेबसाइटवर असतं.

त्याच रिपोर्टमध्ये काउन्सेलरमागे किती मुलं ते काढा. काउन्सेलरांच्या राष्ट्रीय संघटनेची शिफारस एकामागे २५० ची आहे. तुम्ही वाचलेला 'ओळखतसुद्धा नाही' वाला रिव्ह्यू त्या आकड्याशी ताडून बघा.

आणि गैरहजेरी. वर्षाचे १८० दिवस, त्यातले १०%, म्हणजे १८ दिवस चुकले की मूल 'क्रॉनिकली अ‍ॅबसेंट' मोजलं जातं. डिसेंबरात लग्नासाठी चार आठवडे भारतात गेलात तर नाताळची सुट्टी वजा जाता तीनएक आठवडे, म्हणजे पंधरा दिवस एका फटक्यात संपतात. घरच्या सहलीची रजा माफ धरत नाहीत, आणि काही डिस्ट्रिक्ट ठरावीक दिवसांनंतर त्या कोर्सचं क्रेडिटच अडवतात.

सांगलीकर_पुणेमार्गे

डिसेंबरात भाच्याचं लग्न आहे. तिकिटं काढलेली नाहीत अजून, नशीब. रजिस्ट्रारला ईमेल आज टाकतोय. अपार्टमेंटवाल्याला पूर्ण पत्ता मागितला तर तो म्हणतो, 'सर, इट्स प्रिन्स्टन.'

रूट_वन_वारकरी

त्याला प्रॉपर्टी टॅक्स कुठल्या टाउनशिपला भरता ते विचारा. डिस्ट्रिक्ट लगेच कळेल.